सुट्टी कुणी कुणाला दिली?

गेल्या महिन्यात दोन बैठका चुकवून मी आमच्या गटात गेले. "कुठे गायब होतीस?" असं एकीनं विचारलं. मी खरं ते सांगितलं. नवऱ्याबरोबर मुंबई-गोवा क्रूझला गेले होते. खोलीत क्षणभर कुणीच बोललं नाही. मग एक जुनी मैत्रीण, जिच्याबरोबर मी कितीतरी मोर्च्यांत उन्हातान्हात चालले आहे, ती म्हणाली, "म्हणजे आता आपल्यातल्या बायकाही बोटीवर नाचायला लागल्या तर!" सगळ्या हसल्या. मीही हसले. बसमध्ये बसल्यावर मात्र मनातल्या मनात तिच्याशी भांडत राहिले.

घरी पोचले तर नवरा फोनवर मित्राशी बोलत होता. "अरे, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला खरी सुट्टी दिली!" आवाजात समाधान होतं. खोटं नव्हतं ते. त्याला मनापासून तसं वाटत होतं.

हा लेख या दोन्ही वाक्यांच्या विरोधात आहे.

आधी एक कबुली देऊन टाकते. मला क्रूझ आवडली. पहिल्या दिवशी पहाटे पाच वाजता सवयीनं जाग आली, उठून बसले, आणि लक्षात आलं की चहा टाकायचा नाही, दूध तापवायचं नाही, डबा नाही, सासूबाईंची गोळी नाही. डेकवर गेले. उजाडायचं होतं. समुद्र काळा होता आणि जहाज त्यातून सरकत होतं. मी तिथे तासभर नुसती उभी राहिले. कुणालाही माझ्याकडून काहीही नको होतं. मैत्रिणींनो, साठ वर्षांच्या आयुष्यात असा तास मला किती वेळा मिळाला ते मी बोटांवर मोजू शकते, आणि एका हाताची बोटं पुरतात. तेव्हा ज्यांना या सगळ्यात फक्त 'चैन' दिसते त्यांनी जरा थांबावं. कष्टकरी बाईबद्दल आपण बोलतो तेव्हा तिच्या मजुरीबद्दल बोलतो, तिच्यावरच्या मारहाणीबद्दल बोलतो. तिच्या विश्रांतीबद्दल फार कमी बोलतो. बाईनं नुसतं बसून राहणं आपल्यालाही, चळवळीतल्या बायकांनाही, थोडं पाप वाटतं.

आणि शिबिरं आठवा ना. खेड्यापाड्यातून बाया तीन दिवसांच्या शिबिराला येतात. शेवटच्या दिवशी 'काय आवडलं?' असं विचारलं की जाणीवजागृतीच्या सत्राबद्दल दोघी-तिघी बोलतात. बाकीच्या म्हणतात, "ताट आयतं मिळालं. गरम भाकरी कुणीतरी वाढली." आम्ही हसून ते अहवालात एका ओळीत घालत असू. माझ्या मते तेच सर्वांत मोठं सत्र होतं. (शिबिराच्या चुलीपाशी कोण बसलं होतं, हा प्रश्न तेव्हा आम्ही विचारला नव्हता. त्याकडे येतेच.)

आता 'दिली' या शब्दाकडे वळते.

नवऱ्यानं सुट्टी दिली म्हणजे नेमकं काय केलं? एका संध्याकाळी मोबाइलवर बसून तिकिटं काढली. त्याला दीड तास लागला, आणि त्या दीड तासाची कथा पुढे पंधरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली गेली. पैसे दोघांच्या खात्यातून गेले. मी शाळेत तीस वर्षं नोकरी केली आहे, माझंही पेन्शन येतं. तिकिटं काढून झाल्यावर त्याच्या दृष्टीनं तयारी संपली आणि माझी सुरू झाली.

सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. रात्री दोनदा उठवावं लागतं. त्यांच्या गोळ्यांचे सकाळ-दुपार-रात्र असे तीन दिवसांचे डबे भरले, वर चिठ्ठ्या चिकटवल्या. डॉक्टरांचा, शेजारच्यांचा, औषधवाल्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावला. गॅसचा सिलिंडर आधीच मागवला. दूधवाल्याला सांगितलं. सासूबाईंना तिखट चालत नाही म्हणून तीन दिवसांचं वरण-भाताचं आणि मऊ भाजीचं सगळं सामान निवडून, चिरून, डब्यांतून ठेवलं. दोघांच्या बॅगा भरल्या. नवऱ्याची रक्तदाबाची गोळी, चष्म्याची दुसरी जोडी, बोट लागू नये म्हणून गोळ्या. परत आल्यावर धुण्याचा ढीग, फ्रीजमधलं नासलेलं आणि सासूबाईंचा फुगलेला चेहरा. हे सगळं सुट्टीच्या हिशेबात कुठल्या रकान्यात घालायचं?

२०२४ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची ८८. मुळात पुरुषांमध्ये असं काम करणारेच थोडे. २०१९ च्या सर्वेक्षणात ते शंभरात सव्वीस होते, बायका एक्याऐंशी. पण सहलीला जायच्या आधीचे आठ दिवस बाई दिवसाचे तास ताणून जे करते आणि परतल्यावर चार दिवस जे निस्तरते, ते कुठल्याच सरासरीत वेगळं दिसत नाही. तीन दिवसांच्या सुट्टीसाठी बारा दिवसांचा जादा पाळा, असा करार कुठल्या कामगार संघटनेनं मान्य केला असता?

'सुट्टी दिली' असं म्हटलं की देणारा मालक होतो आणि घेणारी नोकर. आणि मालकानं मेहेरबानीनं दिलेल्या सुट्टीबद्दल कृतज्ञ राहावं लागतं. क्रूझवरची पहिली रात्र मी याच कृतज्ञतेत घालवली. कंटाळा आला तरी तोंड हसरं ठेवलं, कारण त्यानं एवढा खर्च केला होता. विश्रांतीच्या जागीही बाईला दुसऱ्याचा आनंद सांभाळायचं काम असतंच.

आपल्या मुंबईत सुट्टीचा इतिहास वेगळा आहे. गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र आणलं, सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत कामगारांची मोठी सभा झाली, सुमारे दहा हजारांची. त्या सभेत दोन बायका बोलायला उभ्या राहिल्या. गिरणीत काम करणाऱ्या बायका. त्यांनी रविवारची सुट्टी मागितली. त्याच वर्षी १० जूनला मालकांना ती मान्य करावी लागली. कुणी कुणाला सुट्टी 'दिली' नाही. घेतली.

त्या दोघी त्यानंतरच्या पहिल्या रविवारी घरी काय करत असतील, याचा विचार मला जहाजावर सारखा येत होता. गिरणी बंद. चूल?

जहाजाबद्दल थोडं सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणींनी ते आतून पाहिलेलं नसेल. दुपारी बॅलार्ड पियरला जायचं. विमानतळासारखी तपासणी होते. आत शिरलं की झुंबरं, गालिचे, काचेच्या लिफ्ट. दिवसरात्र कुठे ना कुठे खायला असतंच. पोहण्याचा तलाव, नाटकगृह, कसिनो. संध्याकाळी जहाज सुटतं, दुसऱ्या दिवशी गोव्याला लागतं, उतरून फिरून यायचं, पुन्हा रात्र समुद्रात, तिसऱ्या दिवशी मुंबई.

सासूबाई मालवणच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या त्या कोकणच्या आगबोटीनंच. पडावात बसून बोटीपर्यंत जायचं, मग डेकवर गाठोड्यांच्या मध्ये अंग टाकायचं, भाऊच्या धक्क्याला उतरायचं. आम्ही बोटीनं मजा करायला चाललोय हे त्यांना पटेचना. "बोटीत कसली गो मजा? ओकून ओकून जीव जाता!" समुद्र तोच, किनाराही तोच. त्यांच्या वेळी बोट ही घरापासून कामापर्यंत नेणारी वाट होती. आता ती घरापासून आणि कामापासून पळून जायची जागा म्हणून विकली जाते.

आणि विकली जाते ती जोडप्याला. भाडं माणशी सांगतात, पण खोलीत दोन माणसं धरून. एकटं जायचं तर दोघांचं भाडं भरावं लागतं, किंवा जवळपास तेवढं. जगभर क्रूझवाल्यांची हीच रीत आहे. माझी एक मैत्रीण परित्यक्ता आहे, पंचवीस वर्षं एकटीनं मुलगा वाढवला. तिला सर्वांत जास्त गरज आहे असं आयतं ताट मिळण्याची. तिनं विचारलं तर तिला पलंगाच्या रिकाम्या अर्ध्या भागाचं भाडं सांगितलं गेलं. नवरा नसण्याचा दंड समाज घेतोच. आता तो पावतीवरही आला. आम्ही दोघींनी एकत्र जावं असं मी तिला म्हटलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या जागी मी?" आणि खूप हसलो.

जहाजावर सगळी करमणूक जोडप्यांभोवती. दुसऱ्या रात्री एका सूत्रसंचालकानं डेकवर जोडप्यांचे खेळ घेतले. नवऱ्यांना विचारलं, बायकोला तयार व्हायला किती वेळ लागतो? बायकांना विचारलं, नवऱ्याला मुठीत ठेवायचं गुपित काय? सगळे खदाखदा हसत होते. आम्हालाही पुढे बोलावलं. मी गेले नाही, नवरा थोडा खट्टू झाला. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, तयार व्हायला मला आठ दिवस लागले.

पण खरी गोष्ट खोलीतली आहे.

आम्ही जेवून खोलीत परतलो की पलंग नीट लावलेला असायचा आणि त्यावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. नवऱ्यानं लगेच फोटो काढला. हे हंस करणारी मुलगी मला दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत भेटली. दार्जिलिंगकडची. सव्वीस-सत्तावीसची. ढकलगाडीवर चादरींचा डोंगर. तिच्याकडे सोळा खोल्या होत्या, दिवसातून दोनदा. आणि जहाज मुंबईला लागतं त्या दिवशी सकाळी जुने प्रवासी उतरून दुपारी नवे चढायच्या आत सगळ्या सोळा पहिल्यापासून तयार. ती खाली, पाण्याच्या पातळीखालच्या मजल्यावर राहते. खोलीत दुसरी मुलगी. खिडकी नाही. घरी चार वर्षांची लेक आहे, आईकडे. करार नऊ महिन्यांचा.

मी विचारलं, आठवड्यातून सुट्टी कुठल्या दिवशी? तिला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला.

"छुट्टी? छुट्टी तो घर जाके, आंटी."

म्हणजे नऊ महिने रोज. आणि घरी गेल्यावर जी सुट्टी मिळते ती बिनपगारी, कारण करार संपलेला असतो.

हे एका जहाजाचं नाही. क्रूझच्या धंद्यात कराराच्या काळात आठवड्याची पूर्ण सुट्टी नसणं हीच सर्वसाधारण पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सागरी कामगारांचा करार २००६ साली झाला, २०१३ पासून लागू झाला, भारतानं त्याला २०१५ साली मान्यता दिली. त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला एक दिवस विश्रांती हे तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे. पण खाली मर्यादा घालताना एक पर्याय असा दिला आहे की आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती मिळाली म्हणजे झालं. आठवड्याचे तास १६८. वजाबाकी करा. ९१ तास कामाला मोकळे राहतात.

लोखंड्यांच्या सभेत त्या दोघींनी रविवार मागितला त्याला १३० वर्षांहून जास्त काळ लोटला. त्याच मुंबईच्या बंदरातून सुट्टीची जहाजं सुटतात, आणि त्यांच्या पोटात रविवार नसतो.

जहाजांवर काम करणाऱ्यांत बायका मुळातच थोड्या. कामगार संघटनेनं २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगभरच्या खलाशांमध्ये त्यांचं प्रमाण शंभरात एक-दोन असं दिलं होतं, आणि त्यातल्या बहुतेक प्रवासी जहाजांवरच होत्या. म्हणजे बाईला समुद्रावर जागा मिळाली ती मुख्यतः पलंग लावायला, ताट वाढायला आणि हसायला. आपल्याकडे समुद्रावर जायचं काम पुरुषांचं. गोव्यातले तारवटी पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर गेले, मुंबईत धोबीतलावला त्यांचे कूड होते, जहाज मिळेपर्यंत तिथे राहायचे. मागे गावात घर, म्हातारे, शेत, मुलं कुणी सांभाळलं, ते वेगळं सांगायला नको. दार्जिलिंगच्या त्या मुलीच्या बाबतीत बाईच बोटीवर गेली. तरी मागे सांभाळणारी कोण? तिची आई. नवऱ्याचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, तो सिलिगुडीला कामाला आहे, मुलीचं त्याला जमत नाही.

हसण्याचं काम म्हटलं ते मुद्दाम. तलावापाशी पंधरा-वीस पुरुषांचं एक टोळकं होतं, कुठल्याशा कंपनीचे विक्रेते, दुपारपासून प्यायलेले. पेय आणून देणाऱ्या मुलीला एकानं हाताला धरून बसवायचा प्रयत्न केला. ती हसत हसत हात सोडवून गेली. दोनदा. नंतर मी तिला विचारलं, तक्रार का केली नाहीस? ती म्हणाली, "पाहुणे आहेत. आणि आज रात्री उतरणार नाहीत, उद्याही इथेच असणार." मोजक्या शब्दांत तिनं समजावलं. रस्त्यावर छेड काढणारा निघून जातो. इथे छेड काढणारा आणि ती, दोघं एकाच लोखंडी पेटीत बंद, आणि त्याच्या समाधानाच्या गुणांवर तिचा पुढचा करार. त्या करारानुसार प्रत्येक खलाशाला तक्रार कुठे व कशी करायची याचा कागद हातात द्यावा लागतो. तो मिळाला होता, असं ती म्हणाली. इंग्रजीत होता, पेटीत ठेवला आहे.

प्रवासी बायकांचंही तेच. खोल समुद्रात जहाजावर चालतो तो मुख्यतः ज्या देशात जहाज नोंदलेलं असेल त्या देशाचा कायदा, आणि जगातली कितीतरी क्रूझ जहाजं पनामा, बहामा अशा ठिकाणी नोंदलेली असतात, कर आणि कामगार कायदे सोयीचे म्हणून. अमेरिकेत पीडितांच्या कुटुंबीयांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे २०१० साली कायदा झाला, की खोलीच्या दाराला बाहेर पाहायचं भोक हवं, जहाजावर बलात्काराच्या वैद्यकीय तपासणीचं साहित्य हवं, गंभीर गुन्हे तपासयंत्रणेला कळवायला हवेत. दाराला भोक हवं एवढ्यासाठी कायदा! आपल्या किनाऱ्यावर हा धंदा वाढवायच्या घोषणा होतात तेव्हा पर्यटकांचे आकडे सांगतात, रोजगाराचे सांगतात. हे प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही. आपणच विचारायला हवेत.

२०२० च्या फेब्रुवारीत जपानमध्ये योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' जहाज अडकलं होतं ते आठवतं का? ३,७११ माणसं होती, त्यांत १,०४५ कर्मचारी, आणि त्यांतले १३२ भारतीय. करोनाच्या भीतीनं प्रवाशांना आपापल्या खोल्यांत बंद केलं. त्यांना तीन वेळा जेवण दाराशी नेऊन देत होते ते कर्मचारी, जे स्वतः एकेका खोलीत दोघं-तिघं झोपत होते. सातशेहून जास्त जणांना लागण झाली. प्रवासी विलगीकरणात, नोकर कामावर. आजार पसरतो म्हणून काम थांबवता येतं, पण ताट वाढण्याला जगात कुणी काम समजतच नाही ना, मग ते थांबवायचं कसं?

इथपर्यंत वाचून एखादी म्हणेल, बघ, मी म्हणत होते तेच, जायलाच नको होतं. मला ते मान्य नाही. मी गेले नसते तर त्या मुलीच्या सोळा खोल्या पंधरा झाल्या नसत्या. आणि घरी राहून मी कुणाचं भलं करत होते? आपण सुखाला नाही म्हटलं की अन्याय कमी होतो, हा हिशेब साधुसंतांना शोभतो, कामगार चळवळीला नाही. गिरणी कामगारांनी असं म्हटलं नाही की शेतमजुराला सुट्टी नाही म्हणून आम्हालाही नको.

पण ज्या गोष्टीबद्दल मी स्वतःला सोडू शकत नाही ती जहाजावरची नाहीच. ती माझ्या घरातली आहे.

आम्ही जायचं ठरल्यावर सासूबाईंपाशी कोण राहणार हा प्रश्न आला. दीर पुण्याला असतात, निवृत्त आहेत, तब्येत उत्तम. आम्ही फोन केला जाऊबाईंना. "तुम्हाला येता येईल का?" त्यांची नोकरी अजून चालू आहे, त्यांना रजा मिळेना. मग आम्ही विषय सोडला. दिरांना विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही, नवऱ्याच्याही नाही. आईचा मुलगा घरी मोकळा बसला होता आणि आम्ही सुनेची रजा मोजत होतो. मी, जी शिबिरांत श्रमविभागणीवर बोलते.

शेवटी आमच्याकडे स्वैपाकाला येणाऱ्या ताईंना विचारलं. त्या तीन रात्री आमच्याकडे राहिल्या. जास्तीचे पैसे आधीच ठरवले होते, चांगले दिले, परत आल्यावर गोव्याचे काजूही दिले. मनाला बरं वाटलं. आठवड्यानंतर भाजी निवडताना त्या सहज म्हणाल्या, "पोरीची चाचणी होती त्या दिवसांत, बुडाली. पण काय करणार, बापाला नि भावाला कोण करून घालणार?" मुलगी दहावीत आहे.

तर आमच्या सुट्टीची उतरंड अशी होती. नवऱ्यानं मला सुट्टी 'दिली'. माझं काम ताईंवर गेलं. ताईंचं काम त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीवर गेलं. तिच्याखाली कुणी नव्हतं, म्हणून तिची शाळा बुडाली. समुद्रावर माझं काम दार्जिलिंगच्या मुलीवर गेलं, तिचं तिच्या आईवर. एवढ्या सगळ्या बायका कामाला लागल्या तेव्हा एक जोडपं तीन दिवस हंसांचे फोटो काढू शकलं. या उतरंडीत कुठेही एक पुरुष नाही. एकही नाही. दीर नाहीत, ताईंचा नवरा नाही, त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा नाही, सिलिगुडीचा तो बाप नाही. पैशानं काम सरकतं ते एका बाईकडून दुसऱ्या, जास्त गरीब बाईकडे. पुरुषाकडे ते सरकत नाही, कारण त्याच्याकडून ते कुणी मागतच नाही. मी मागितलं नाही. आणि ताईंना "तुमच्या घरी कोण करील?" एवढा एक प्रश्न विचारायला मला पैसे पडणार नव्हते. मी विचारला नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

घरकामगारांसाठी आपल्या राज्यात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आहे, योजना आहेत. आठवड्याच्या सुट्टीचा हक्क नाही. २०११ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरकामगारांचा करार केला, क्रमांक १८९. त्यात आठवड्याला सलग २४ तास विश्रांती स्पष्ट लिहिली आहे. भारतानं बाजूनं मत दिलं आणि अजून त्याला मान्यता दिलेली नाही. ती मिळवण्यासाठी लढू, लढतोच आहोत. पण आपल्यातल्या किती जणींच्या घरी येणाऱ्या बाईला आठवड्याची एक पगारी सुट्टी आहे? बैठकीत हात वर करायला सांगितले तर किती होतील? माझा नव्हता.

परत आल्यावर नवऱ्याशी भांडण झालं. तो म्हणाला, "एवढं केलं तरी तुझं समाधान नाही." मी म्हटलं, "तू केलंस काय ते लिहून काढ." त्यानं खरंच कागद घेतला. एका बाजूला त्याचं, एका बाजूला माझं. माझ्या बाजूचा कागद भरला तेव्हा तो पाठीमागे लिहायला लागला, आणि गोळ्यांच्या डब्यांपाशी थांबला. त्या कुठल्या वेळी कुठल्या, हे त्याला माहीत नव्हतं. आई त्याची आहे.

ताईंना आता रविवार सुट्टी आहे, पगार न कापता. पहिल्या रविवारी दिरांना पुण्याहून बोलावलं. ते आले, दुपारी झोपले, आणि चहाची वाट बघत बसले. चहा मिळाला नाही तेव्हा उठून विचारलं, साखर कुठे आहे. दुसऱ्या रविवारी सासूबाईंनी मला हाक मारली, "गो, माका उठव." मी बाहेर निघाले होते. चपला घालून दारात उभी राहिले, गेले नाही, वळलेही नाही. नवरा उठला. त्यानं त्यांना चुकीच्या बाजूनं धरलं, त्या ओरडल्या, तो त्यांच्यावर ओरडला. मग हळूहळू जमलं. मी खाली उतरले तेव्हा माझे पाय कापत होते.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायचा आहे. प्रत्येकीनं आपल्या शेवटच्या सुट्टीचा, मग ती माहेरची असो, यात्रेची असो की क्रूझची, असा दोन बाजूंचा कागद लिहून आणावा: आपलं काम कुणावर गेलं, आणि तिचं कुणावर. घरकामगार संघटनेतल्या ताईंनाही बोलावलं आहे. बैठक रविवारी ठेवणार होतो, त्यांनी सांगितलं, रविवार नको, तो आता आमचा आहे. म्हणून शनिवारी संध्याकाळी सहा वाजता.